गणपतीआधीचं तेल

(भांडुप, एलबीएस रस्त्यावरचं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान. काउंटरच्या आत दर्शना. बाहेर मुलुंडचे लवू परब आणि भीमराज तायडे. दोघं निवृत्त, दोघं एका मजल्यावरचे शेजारी, दोघांत मिळून एक गाडी.)

भीमराज : पुन्हा बोल.

लवू : काय पुन्हा?

भीमराज : आत्ता तोंडातून जे गेलं ते. जरा मोठ्याने. दर्शना साक्षीदार आहे.

लवू : म्हटलं, यंदा पातळ तेल घालू. तुझं असतं ते.

भीमराज : ऐकलंस, दर्शना?

दर्शना : ऐकलं ना काका. फाइव्ह थर्टी. काढू?

भीमराज : कशालाही हात लावू नकोस. आधी मला याचा ताप बघू दे.

लवू : कपाळावरचा हात काढ. लोक बघतायत.

भीमराज : ताप नाही. म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

दर्शना : यात एवढं काय झालं? मी तर दुपार तुमच्या भांडणासाठी राखून ठेवली होती.

लवू : नाना कुठे गेले आज?

दर्शना : घरी. डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता दुकान मीच बघते. चावी देताना दोनच गोष्टी सांगितल्या त्यांनी. शटर अर्ध्यावर अडकतं, त्याला लाथ मारायची. आणि गणपतीआधी मुलुंडचे दोन काका येतील, एकाला जाड तेल हवं असतं, एकाला पातळ. मध्ये पडायचं नाही.

भीमराज : आज पड. ही आणीबाणी आहे.

दर्शना : पण मला एक कळलं नाही. गाडी एक, इंजिन एक. तेलं दोन कशी?

भीमराज : गणपतीआधी हा जाड तेल भरतो. ट्वेंटी फिफ्टी. गाडी याच्या गावाला, कणकवलीकडे जाऊन येते. मग येतो दसरा. मला नागपूरला जायचं असतं, दीक्षाभूमीला. मी याचं जाड तेल काढतो, माझं पातळ भरतो.

दर्शना : महिन्याभरात? कोरं तेल काढून टाकता?

लवू : कधी महिना, कधी जास्त. चतुर्थी कधी येते त्यावर.

दर्शना : आणि दसऱ्यानंतर?

भीमराज : मग पुढल्या गणपतीपर्यंत बॉनेट कोणी उघडत नाही.

दर्शना : नाना हे बघत राहिले?

भीमराज : देवमाणूस. दोन्ही डबे काउंटरवर ठेवायचे आणि चहा मागवायचे.

दर्शना : मग दोन गाड्याच का नाही घेतल्या?

लवू : ती पार्किंगची भानगड. सोसायटीत चिठ्ठ्या टाकल्या होत्या. सेक्रेटरीने आमच्या दोघांची नावं एकाच चिठ्ठीवर लिहिली. शेजारीशेजारी दारं, त्याला वाटलं एकच घर. नेमकी तीच निघाली.

भीमराज : जागा कोणी सोडेना. मी सोडली असती, पण हा सोडत नव्हता.

लवू : मी सोडली असती, पण हा मागत होता.

भीमराज : शेवटी जागा रिकामी दिसली की तिसराच घुसेल म्हणून आम्ही घाईघाईने एक गाडी आणली. सेकंडहँड, पेट्रोल, पांढरी. एकदा कोकण, एकदा नागपूर. बाकी वर्षभर ती जागेवर राखणीला असते. भाजी आणायला आम्ही चालत जातो.

दर्शना : झकास. बरं, मग काढू ना फाइव्ह थर्टी? गाडीच्या पुस्तकात तेच दिलेलं असणार.

भीमराज : थांब. तू याला ते समजावून सांग. नाना दरवर्षी सांगायचे आणि हा दरवर्षी ऐकायचा नाही. बघू काय होतं.

दर्शना : हे बघा काका, डब्यावर दोन आकडे असतात. पहिल्याच्या पुढे डब्ल्यू, म्हणजे विंटर. थंड इंजिन चालू केलं की तेल किती पटकन वर पोचतं, ते पहिल्यावरून कळतं. दुसऱ्यावरून कळतं की तापल्यावर किती जाड राहतं.

लवू : बरोबर आहे.

भीमराज : बरोबर आहे? दर्शना, या ठिकाणी हा म्हणतो, ‘मुलुंडला विंटर एकदाच येतो, जानेवारीत, गुरुवारी.’ नाना हसतात. मी हसत नाही. बोल ना रे.

लवू : काय बोलू? तिने नीट सांगितलं. पटलं.

भीमराज : पटलं! बरं. आता मी काय म्हणतो ते ऐक. माझी सगळी नोकरी माहुलला रिफायनरीत गेली. तेलातलं तू मला शिकवू नकोस.

लवू : नाही शिकवत.

भीमराज : अरे, मी तिथे टाइम ऑफिसात होतो! लोकांची हजेरी मांडत होतो! ‘तेलाचा थेंब तरी बघितलास का तिथे, वास तेवढा घरी आणलास,’ हे कोण बोलणार? मीच बोलू?

लवू : बोललास की.

भीमराज : दर्शना, मी याची वाक्यं बोलायला लागलोय. स्टूल दे मला.

दर्शना : बसा काका. पाणी देऊ?

भीमराज : पाणी याला दे. लवू, तुझा बाप गिरणीत काय होता?

लवू : तुला माहीत आहे.

भीमराज : दर्शनाला माहीत नाही.

लवू : ऑइलमन होता. साच्यांना, म्हणजे कापडाच्या मागांना, तेल घालायचा. नळीचा डबा घेऊन खात्यात फिरायचा दिवसभर.

दर्शना : अच्छा, म्हणून तुम्हाला तेलातलं कळतं.

भीमराज : आणि तो काय सांगायचा?

लवू : जाऊ दे रे.

भीमराज : मालवणीत सांगायचा.

लवू : ‘तेल कसा व्हया, तर बोटाक धरूक व्हया.’ बोटाला धरलं पाहिजे. अंगठा नि बोट लावायचं, हळूच वेगळं करायचं. पाकासारखी तार आली तर तेल चांगलं. पाण्यासारखं सुटलं तर साचा रडणार.

भीमराज : दरवर्षी हा इथे डबा फोडायला लावतो आणि बोट घालून तार काढतो. माझ्या तेलाला तार येत नाही म्हणून माझ्यासमोर बोट नाचवतो. आज पाच मिनिटं झाली दुकानात येऊन. बोट कुठे आहे?

लवू : खिशात.

भीमराज : बघ.

दर्शना : काका, सरळ विचारू? तब्येत बरी आहे ना तुमची?

लवू : ठणठणीत. हा उगाच सीआयडी झालाय. एवढी वर्षं डोकं खाल्लंस पातळ घे, पातळ घे. आता घेतोय तर तुझ्या पोटात दुखतंय.

भीमराज : कारण मी तुला ओळखतो. पंख्याच्या रेग्युलेटरवरून तू माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होतास. तू पटणाऱ्यातला नाहीस.

दर्शना : तेलाचं ठरेपर्यंत फिल्टर तरी दाखवते. हा कंपनीचा, हा कंपनीसारखा, आणि हा कंपनीला माहीत नसलेला.

लवू, भीमराज : पहिला.

दर्शना : अरे वा. यावर भांडण नाही?

भीमराज : फिल्टरवर कधीच नाही. माणसाने एका तरी गोष्टीत एकमत ठेवावं.

लवू : फिल्टर चांगलाच हवा. तेल कसंही असो, कचरा अडला पाहिजे. आणि भीमा, गॅरेजवाल्या राजारामने नवा फिल्टर बसवताना रबराला तेलाचं बोट लावलं का, ते बघायचं. तो विसरतो. पान्याने आवळायला लागला तर हात धरायचा त्याचा. हातानेच आवळायचा असतो.

भीमराज : हे तू बघतोस ना? दरवर्षी तूच त्याच्या बोकांडी बसलेला असतोस.

लवू : हो. सांगून ठेवतोय आपलं.

भीमराज : दर्शना, टीप. एक.

दर्शना : काय टीप?

भीमराज : मनात टीप. पुढे विचार याला. जे गिऱ्हाइकाला विचारायचं असतं ते सगळं विचार.

दर्शना : विचारायचं काय… गाडी कुठे नेणार, किती चालणार, बस एवढंच. कणकवली म्हणजे पाचशेच्या आत ना? जाऊन-येऊन हजार धरू?

लवू : धर. येताना काही ताण नाही तसा. सामान कमी असणार. फक्त घाट चढताना गिअर वेळेवर खाली आणायचा. भीमा, तुला सवय आहे उशीर करायची. गाडी धापा टाकायला लागते तरी तू आपला चौथ्यातच.

भीमराज : मला का सांगतोयस? कोकणच्या वाटेवर स्टिअरिंग तुझं, नागपूरच्या वाटेवर माझं. हा कायदा आहे आपला.

लवू : बोलायची गोष्ट. मी दमलो-बिमलो तर.

भीमराज : दोन.

दर्शना : तुम्ही पण जाता का काका गावाला, यांच्या गणपतीला?

भीमराज : आजवर कधी नाही. हा बोलवायचा नाही, मी विचारायचो नाही. आम्ही बौद्ध, आरतीला उभं राहायचा प्रश्न नको म्हणून. यंदा हा स्वतः दारात आला, म्हणाला, चल. आरतीच्या वेळी पडवीत बस, मोदकाच्या वेळी आत ये. मी म्हटलं, मोदकाशी माझं काही वैर नाही. भरून आलं मला. घरी सांगितलं, लवू सुधारला.

लवू : मग? बिघडलं काय त्यात?

भीमराज : अजून माहीत नाही. दर्शना, ते जाड काढ. ट्वेंटी फिफ्टी. पाळी याची आहे, तेल याचं घेऊ.

लवू : नको! जाड कशाला? उगाच दसऱ्याला परत काढावं लागेल. त्यापेक्षा आत्ताच पातळ घातलं की वर्षभर बघायला नको. तू एकटा कुठे त्या राजारामच्या मागे फिरशील?

भीमराज : तीन.

लवू : काय तीन?

भीमराज : एकटा.

दर्शना : काका, चहा सांगू का?

भीमराज : सांग. नानांची पद्धत मोडायला नको. लवू, इकडे बघ. डब्याकडे नाही, माझ्याकडे. कणकवलीहून परत येताना गाडीत कोण कोण आहे?

लवू : तू.

भीमराज : आणि?

लवू : नारळ.

भीमराज : नारळ.

लवू : थोडे. कोकमं आहेत. नलिनी तुमच्याकडे द्यायला फणसाची साटं बांधून ठेवणार आहे. मागच्या सीटवर ठेव, डिकीत तापतात.

भीमराज : आणि तू?

लवू : मी राहतोय.

भीमराज : किती दिवस?

लवू : राहतोय रे. नलिनीचा दमा बघतोस ना तू. समोर दोन टॉवर, मागे एक. खिडकी उघडली की सिमेंट, बंद केली की तिचा जीव घाबरा. डॉक्टर म्हणाला, हवा बदला. म्हटलं, डॉक्टर, हवा बदलत नाही, माणूस बदलतो जागा. गावचं घर रिकामंच आहे. चुलतभावाने कौलं शाकारून घेतली. तिथे गेलं की ती रात्रभर झोपते. मी उठून बघतो, श्वास चालू आहे ना म्हणून, इतकी शांत झोपते.

भीमराज : केव्हा ठरलं?

लवू : मे महिन्यात.

भीमराज : आणि मला स्पेअर पार्टच्या दुकानात कळतंय.

लवू : दोनदा आलो होतो सांगायला. एकदा तू मॅच बघत होतास. दुसऱ्या वेळी तू चहा दिलास.

भीमराज : चहाने काय होतं?

लवू : हातात तुमच्याच घरचा कप. कसं सांगणार?

दर्शना : मी आत जाऊ का थोडा वेळ? स्टॉक बघायचाय मला.

भीमराज : बस इथेच. स्टॉक कुठे पळत नाही. लवू, पार्किंगचं काय?

लवू : तुझंच. गाडीही तुझीच. आमचा मुलगा सिद्धेश पुण्याला, त्याच्याकडे त्याची आहे. फ्लॅट बंद ठेवू. कागदावर काय सही लागेल ती करतो.

भीमराज : अख्खी जागा एकट्याला घेऊन मी काय करू? बॅडमिंटन खेळू?

लवू : चिडू नको.

भीमराज : मी चिडलेलो नाही. मला फक्त हे कळत नाही की यात तेल कुठून आलं. दमा नलिनीवहिनींना. पातळ तेल माझ्या गाडीला का?

लवू : वाटलं, जाताना एक गोष्ट तरी तुझ्या मनासारखी करावी. एवढी वर्षं भांडलास.

भीमराज : अरे मेल्या, मी काय जिंकायला भांडत होतो?

लवू : मग?

भीमराज : मला विचारतोस? मी आजवर डब्यावरचा दुसरा आकडा वाचलेला नाही. तू जाड म्हणालास म्हणून मी पातळ म्हणालो. पहिल्या वर्षी तू पातळ म्हणाला असतास तर मी आज जाडाचा भक्त असतो.

लवू : म्हणजे टाइम ऑफिसात तुला खरंच काही कळत नव्हतं?

भीमराज : हजेरी कळत होती. कोण आहे आणि कोण नाही, एवढं नक्की कळायचं.

दर्शना : चहा आला. घ्या. आणि काका, मध्ये पडू नकोस असं नाना म्हणालेले, पण सांगू का? फिफ्टीन फोर्टी म्हणून एक येतं. जाड नाही, पातळ नाही, मधलं…

लवू, भीमराज : नको!

भीमराज : आला. याचा आवाज आला. दर्शना, ट्वेंटी फिफ्टी काढ.

लवू : भीमा, ऐक माझं. पोरगी सांगतेय गाडीचं पुस्तक काय म्हणतं…

भीमराज : पुस्तकाचं तू मला सांगतोस? गणपतीआधी जाड, दसऱ्याआधी पातळ. एकदा का पाळी मोडली की सोसायटीत काय शिल्लक राहिलं? दसऱ्याआधी मी ते काढणार. माझ्या हाताने. आणि काढताना तू तिथे उभा पाहिजेस.

लवू : दसऱ्याला? मी कणकवलीला असणार.

भीमराज : ते मला माहीत नाही. कोरं तेल काढताना बोंबलायला माणूस लागतो. राजारामला सवय आहे. कोणी डोक्यावर बसून ओरडलं नाही तर तो नट आवळतच नाही.

लवू : त्याला फोनवरून ओरडेन.

भीमराज : फोनवर तुझं कोण ऐकतं? घरात तुझं कोणी ऐकत नाही. एसटी आहे, रेल्वे आहे. ये. मग तसाच चल माझ्याबरोबर नागपूरला. मी तुझ्या पडवीत बसतो, तू दीक्षाभूमीला झाडाखाली बस. नागपूरची माझी बहीण शकुताई दरवर्षी विचारते, तो मालवणी शिव्या देणारा शेजारी कधी आणणार.

लवू : आणि नलिनीला कोणाच्या भरवशावर सोडू?

भीमराज : तिला विचारून बघ. चार दिवस तू घरात नाहीस म्हटल्यावर दमा निम्मा जाईल.

दर्शना : काका!

लवू : बोलू दे त्याला. खरं आहे ते.

भीमराज : मग? येतोस?

लवू : बघू.

भीमराज : बघू म्हणजे?

लवू : बघू म्हणजे बघू. तिच्या श्वासावर आहे सगळं. कबूल करून नाही आलो तर तू वर्षभर ऐकवशील.

भीमराज : नाही आलास तर गाडी घेऊन मी तिकडे येईन. तेल तिथे काढू, तुझ्या अंगणात. माडाच्या मुळाशी ओतेन बघ.

लवू : माडाच्या मुळाशी तेल ओतणाऱ्याला आमच्याकडे गावात घेत नाहीत. गप ऱ्हव.

दर्शना : फायनल काय मग? ट्वेंटी फिफ्टी, कंपनीचा फिल्टर, ड्रेन प्लगचा वॉशर.

भीमराज : आणि डबा इथेच फोड.

दर्शना : इथे? सांडेल ना काका, राजारामकडे न्यायचाय.

भीमराज : झाकण पुन्हा लावू. नाना फोडून द्यायचे.

दर्शना : घ्या. फोडला.

भीमराज : घाल बोट.

लवू : कशाला आता?

भीमराज : घाल म्हणतो ना. बापाला काय वाटेल?

लवू : …हं. चांगलं आहे.

भीमराज : असं नाही. मला दाखव. दरवर्षी तू बोट नाचवतोस, मी तिकडे तोंड करतो. कसं बघायचं असतं ते मला माहीतच नाही.

लवू : ते डिपस्टिकवरच्या थेंबावर पण बघता येतं. महिन्यातून एकदा बघत जा. गाडी थंड असताना. बोट पुसून घे आधी. चहाचं आहे.

भीमराज : पुसलं.

लवू : एकच थेंब. आता अंगठा लाव. चोळू नको, नुसता टेकव. थांब जरा. घाई करू नको, त्याला बोट धरू दे.

भीमराज : धरलं.

लवू : आता हळूच वेगळं कर. हळू. आली तार?

भीमराज : आली. बारीक आहे.

लवू : बारीकच असते. अजून लांब ने.

भीमराज : नेतोय.

लवू : तुटली?

भीमराज : अजून नाही.